पाहुण्याचं पाणी

प्रवासाला निघताना माझ्या पिशवीत कपड्यांच्या खाली एक डबी असते. तिच्यात दोन वस्तू. एक पेनाएवढं मीटर. ते पाण्यात बुडवलं की विरघळलेल्या क्षारांचा आकडा दिसतो, जितका कमी तितकं पाणी हलकं. दुसरी, कागदी पट्ट्यांची बाटली. पट्टी पाण्यात बुडवायची, मिनिटभर थांबायचं आणि तिच्यावरच्या चौकटींचा रंग बाटलीवरच्या रंगांशी लावून बघायचा. जळगावातल्या आमच्या इमारतीला बोअरचं पाणी आहे आणि अकरा वर्षं त्या पाण्याची वही मी ठेवतो. त्यातून लागलेली ही सवय. बायको म्हणते, "लोक गावाला गेले की देवळं बघतात, तुम्ही नळ बघता."

परत आल्यापासून तिघाचौघांनी विचारलं, सातारा-सांगली कशी वाटली. दर वेळी मी उसाचं सांगतो, जेवणाचं सांगतो आणि थांबतो. उरलेलं इथे लिहितो. गावाचं नाव मात्र लिहिणार नाही. शिराळा तालुक्यात आहे, सव्वाशे उंबरे आहेत, एवढं पुरे. त्या लोकांनी मला जितकं जपलं तितकं नातेवाइकांनीही कधी जपलेलं नाही, आणि घोटाळा झाला तो त्या जपण्यामुळेच.

मेढा

आधी मेढ्याला एक मुक्काम केला. मेहुणीकडे पुतण्याच्या लग्नाची पत्रिका द्यायची होती. तिच्या घरामागे डोंगर सुरू होतो आणि कातळाच्या फटीतून एक झरा येतो. पत्र्याची पन्हळ लावून त्याची धार हंड्यात घेतलेली. सकाळी उठून आधी मीटर लावलं. अडतीस. माझ्या घरच्या नळाचा आकडा सातशेचाळीस आहे. मी मीटर झटकून पुन्हा लावलं. पुन्हा अडतीस.

साडू मागे उभे राहून बघत होते. "ह्यात काय शिजवलं तरी पटकन शिजतं," ते म्हणाले. "आता कुठं, शिराळ्याकडं का? मग पाण्याची काळजीच नको. तिकडं ऊस बघा नुसता. पाणी असल्याशिवाय ऊस हाय का?"

हे वाक्य मला पटलं. मी ते मनात ठेवूनच पुढच्या गाडीत बसलो.

गावात, पहिला दिवस

इक्बालभाई तांबोळी आणि मी जळगावात बँकेच्या एकाच शाखेत एकोणीस वर्षं शेजारच्या टेबलांवर बसलो. दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त होऊन गावी परतले. यंदा नातू झाला. अकीका, म्हणजे बाळाच्या जन्मानिमित्तचं जेवण, सूनबाईच्या आजारपणामुळे लांबलं होतं. त्याचं बोलावणं होतं.

जीप थांबली तिथे ते टोपी घालून उभे होते.

"चौधरी, डबी आणली का?"

"आणली."

"मग आधी पाणी, मग गळाभेट. न्हाईतर तुमचं लक्ष लागायचं न्हाई."

बँकेत शुद्ध बोलणारा हा माणूस दोन वर्षांत पुरता गावचा झाला होता.

गाव उसात बुडालेलं आहे. बुडालेलं हाच शब्द बरोबर आहे. घरांच्या मागच्या भिंतींना ऊस टेकलेला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस. वारा नव्हता तरी पाती एकमेकांवर घासल्याचा आवाज चालूच होता, शेजारच्या खोलीत कुणीतरी हलक्या आवाजात बोलत असावं तसा. दुपारचे बारा वाजले होते आणि गल्लीत माणूस नव्हतं.

घरात जुलेखाभाभींनी, म्हणजे इक्बालभाईंच्या बायकोने, तांब्याच्या तांब्यातून पाणी आणलं. तांब्या चिंचेने घासून लखलखीत केलेला, वर पांढरं फडकं. आमच्याकडे पाहुण्याला "पाणी हवं का" असं विचारतात. इथे विचारत नाहीत. दोन्ही हातांनी समोर धरतात आणि पेला रिकामा होईपर्यंत उभे राहतात.

मी मीटर लावलं. एकशेबारा. पट्टी बुडवली. सगळ्या चौकटी फिकट, नायट्रेटची चौकट तर कागदासारखी पांढरी.

"इक्बालभाई, आमच्या जळगावच्या सहापट चांगलं पाणी आहे तुमचं."

इक्बालभाई भाभींकडे बघून हसले. भाभींनी फडकं नीट केलं आणि आत गेल्या. तेव्हा मला ते हसू समाधानाचं वाटलं.

बाळ आतल्या खोलीत पाळण्यात होतं. नाव रेहान, वय दोन महिने नऊ दिवस. त्याची आई शबाना विट्याकडची, तेवीस वर्षांची. बाळाचा बाप अस्लम फौजेत, त्या वेळी सीमेवर. बाळंतपणानंतर शबानाला ताप आला, दूध आटलं, आणि पंधराव्या दिवसापासून बाळ डब्याच्या दुधावर होतं.

बाळ जागं होतं. डोळ्यांत सुरमा, कपाळावर तीट. माझ्याकडे बघत होतं आणि अजिबात हलत नव्हतं.

"लय गुणी हाय," भाभी म्हणाल्या. "रडतच न्हाई. मागच्या आळीतल्या शिंद्यांचं लेकरू बी असंच गुणी हुतं."

"होतं म्हणजे?"

"गेलं ना. तिसरा महिना लागला आन् गेलं. सकाळी आईनं बघितलं तर... कळलंच न्हाई कुणाला."

त्या हे पाळण्याची दोरी ओढत, साध्या आवाजात म्हणाल्या. शबानाने पाळण्याचा कठडा धरला.

"चाचा," ती मला म्हणाली, "तुम्हाला पाण्यातलं कळतं म्हणे. मी ह्याचं पाणी दहा मिनिटं उकळते. बास होतं का?"

मी काय उत्तर दिलं ते शब्दशः लिहितो, कारण ते मी विसरू शकत नाही. मी म्हणालो, "मी आत्ताच तपासलंय, पाणी उत्तम आहे. पण बाळासाठी आहे तर वीस मिनिटं उकळ. जास्त उकळल्याने काही बिघडत नाही."

ती एवढी निश्चिंत झाली की तिच्या चेहऱ्यावर ते दिसलं.

जेवायला अख्खा मसूर, ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा आणि दही. आमच्या खानदेशी शेवभाजीची मला घमेंड आहे, पण त्या मसुरापुढे मी ती दोन दिवस गुंडाळून ठेवली. जेवताना एक गोष्ट लक्षात आली. माझ्या पेल्यात पाणी कमी झालं की भाभी तांब्या घेऊन हजर. इक्बालभाईंच्या ताटापाशी मात्र पेलाच नव्हता. त्यांनी जेवण संपवलं, हात धुतले आणि आत जाऊन परत आले. आत जाऊन पाणी प्यायले असावेत.

संध्याकाळी त्यांनी मला चार घरं फिरवून आणलं. मोजायची सवय असल्याने मी मोजलं. चार घरांत मला चार वेळा पाणी मिळालं, सगळीकडे झाकलेल्या तांब्यातून, सगळीकडे दोन्ही हातांनी. माझ्यासमोर चौदा माणसं बसली. चौदांपैकी एकही माणूस पाण्याचा घोट प्यायला नाही. मी पिताना मात्र सगळे बघत होते. एका घरात एक म्हातारी माझ्या गळ्याकडे बघत होती. घोट खाली उतरला तशी तिने स्वतःच्या ओठांवरून जीभ फिरवली.

दुसरा दिवस, दोन वाजता

त्या गावात नळाला एक दिवसाआड पाणी येतं, दुपारी दोनला. घराघरात नळ आहे. योजना नवी आहे, काम नीट झालेलं आहे. दोनला दहा मिनिटं असताना मी अंगणात जाऊन बसलो.

आधी पाणी येत नाही. आधी नळ श्वास घेतो. पाइपात अडकलेली हवा पुढे ढकलली जाते तिचा आवाज. एका घरातला असता तर काही वाटलं नसतं, पण तिथे सगळे नळ उघडेच ठेवलेले असतात. त्यामुळे भर दुपारी, रिकाम्या गल्लीत, वीस-पंचवीस नळ एकदम दम टाकू लागले. लांब, घोगरा, आजाऱ्यासारखा. शेजारचं कुत्रं उठून दुसरीकडे गेलं. मग एक खोकला आला आणि स्वच्छ, काचेसारखी धार पडली.

सवयीने मीटर लावलं. सहाशेदहा.

मी मीटर झटकलं, पुन्हा लावलं. सहाशेदहा. आत जाऊन तांब्यातल्या पाण्यात लावलं. एकशेबारा.

एका घरात दोन आकडे असू शकत नाहीत. निदान एकाच पाण्याचे तरी नाहीत.

"भाभी, हे तांब्यातलं पाणी कुठलं?"

त्या चुलीपाशी होत्या. इक्बालभाईंकडे बघत म्हणाल्या, "ते पावण्याचं पाणी हाय."

"म्हणजे?"

"वरच्या आडाचं," इक्बालभाई म्हणाले. ते जरा लाजले होते, एखाद्याने आपल्या घरातलं झाकलेलं उघडं करावं तसे. "माळावर जुना आड हाय, चौधरी. लय गोड पाणी. पन थोडं हाय. म्हणून ते गावानं प्यायचं न्हाई. ज्याच्या घरी पावणा येतो त्यानं हणमंताला सांगायचं, तो घागर आणून देतो. माझ्या आज्याच्या आधीपासनं हाय हे."

"आणि तुम्ही काय पिता?"

"नळाचं. त्यालाबी काय झालंय? स्वच्छ तर हाय. कारडं लागलीत पंचायतीत, हिरवी."

"मग मला काल सांगितलं का नाही?"

"आवं, पावण्याला असं सांगतात व्हय, की तुमचं येगळं आन् आमचं येगळं?"

मी नळाच्या पाण्यात पट्टी बुडवली. मिनिट मोजायला घड्याळ धरलं, पण मिनिट लागलं नाही. नायट्रेटची चौकट आधी गुलाबी झाली, मग राणी रंगाची, मग बाटलीवरच्या शंभरच्या रंगालाही मागे टाकून गडद होत गेली. पिण्याच्या पाण्यात पंचेचाळीसच्या वर चालत नाही.

पट्ट्यांबरोबर एक बारीक अक्षरातलं चिटोरं येतं. अकरा वर्षांत मी ते दोनदा वाचलं असेल. अंगणात उभ्याने तिसऱ्यांदा वाचलं. शेतातल्या खतातून नायट्रेट विहिरीत उतरतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. मोठ्यांना लगेच काही जाणवत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना मात्र ते घातक. रक्त प्राणवायू वाहून न्यायचं विसरतं. ओठ आणि नखं निळी पडतात. बाळ मलूल होतं. शेवटची ओळ अशी होती: उकळल्याने नायट्रेट जात नाही, पाणी आटतं आणि त्याचं प्रमाण वाढतं.

आत स्टोव्हवर पातेलं होतं. शबाना घड्याळाकडे बघत उभी.

"चाचा, वीस मिनिटं झाली. काल रात्रीपासून वीसच करतेय. हे बघा, अर्ध्यावर आलं."

मी पाळण्याकडे गेलो. बाळ तसंच, डोळे उघडे. मी त्याची मूठ उघडली आणि माझ्या पांढऱ्या रुमालावर ठेवली. नखं पाटीच्या रंगाची होती. सुरमा आणि तीट यांच्यामध्ये ओठांचा रंगही तोच होता. आम्हा सगळ्यांना तो तिथे दोन दिवस दिसत होता.

"इक्बालभाई, गाडी."

ते काही विचारत बसले नाहीत. एकोणीस वर्षांत मी त्यांना त्या आवाजात हाक मारली नव्हती.

शिराळा, मग सांगली

शिराळ्याच्या दवाखान्यात रांग होती. बाकावरची एक बाई बाळाकडे बघून पटकन उठली आणि शबानाला जागा देत म्हणाली, "पान लागलं काय गं लेकराला?" त्या भागात साप चावला असं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. नागपंचमीचं गाव ते. निळं अंग दिसलं की पहिला विचार तोच. शबानाने मान हलवली. मी डॉक्टरांना पट्टी दाखवली. त्यांनी पट्टीपेक्षा बाळाच्या नखांकडे जास्त वेळ बघितलं, प्राणवायू लावला आणि सांगलीला पाठवलं.

सांगलीत रक्त काढलं तेव्हा मी आत होतो. सुईतून आलं ते लाल नव्हतं. तपकिरी होतं, चॉकलेट वितळवल्यासारखं. डॉक्टरीणबाईंनी ते पांढऱ्या कागदावर टाकून हवेत धरलं. एरवी हवा लागली की रक्त लाल होतं. हे झालं नाही.

मग त्यांनी औषध आणवलं. शाईसारखं गर्द निळं.

"निळं?" इक्बालभाई म्हणाले. "डाक्टरीणबाई, आधीच पोरगं निळं पडलंय."

"हेच लागतं, चाचा. निळ्यावर निळंच. तुम्ही बसा बाहेर."

आम्ही बाहेर बसलो. समोर पाण्याचं यंत्र होतं. कुणीतरी बटण दाबलं की पेल्यात धार पडायची आणि इक्बालभाई दर वेळी तिकडे बघायचे. शेवटी ते म्हणाले, "लहानपणापासनं पितोय मी त्या गावचं पाणी."

"नळाचं नाही, इक्बालभाई. नळ आत्ता आला."

"त्याआधीबी मळ्यातल्या हिरीचंच. त्याच हिरीवर आता नळयोजना हाय."

मला त्यांना सांगायचं होतं की वीस मिनिटांचा सल्ला माझा होता. सांगितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, "तुमी आला नसता तर पोरगं दहा मिनिटांवरच गेलं असतं." क्षमा म्हणून ते पुरेसं होतं की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही.

तासाभराने शबाना बाळाला घेऊन दारात आली. बाळाचा तळवा तिने आम्हाला दाखवला. गुलाबी म्हणता येणार नाही, पण पाटी पुसली गेली होती.

वरचा आड

बाळ आणि शबाना सांगलीतच राहिले, भाभी त्यांच्यापाशी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि इक्बालभाई गावात परतलो. शुक्रवारी ठरलेला अकीका अर्थातच रद्द झाला होता. मी थेट पंचायतीत गेलो, कार्डं बघायला. पाणी तपासणीत पास झालं की गावाला हिरवं कार्ड मिळतं, धोक्याचं निघालं तर लाल.

भिंतीवर काचेखाली ओळीने लावलेली, सगळी हिरवी. शेजारच्या फाइलीत पाण्याच्या तपासणीचे अहवाल होते. वर्षातून दोन, उन्हाळ्यातला आणि पावसाळ्यानंतरचा. मी आकडे वाचत गेलो. एकशेदहा. एकशेबारा. एकशेअकरा. एकशेबारा. सगळ्यांखाली शिक्का: पिण्यास योग्य.

विहिरीचं पाणी असं वागत नाही. आकडा पावसाळ्यात उतरतो, उन्हाळ्यात चढतो. आमच्या बोअरच्या वहीत सलग दोन आकडे सारखे नाहीत. इथे मात्र वर्षानुवर्षं तेच. भिंतीवरच्या त्या हिरव्या ओळीकडे बघताना मला अंगणातल्या नळांचा आवाज आठवला.

हणमंतराव, गावाला पाणी सोडणारा माणूस, दारात चप्पल काढून उभा होता. पन्नाशीचा, बारीक, बोलताना छातीतून शिट्टी वाजते. मूळचा विट्याजवळचा, वीस वर्षं तमिळनाडूत गलाईच्या दुकानात होता. गलाई म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचा धंदा. ॲसिडच्या धुराने छाती गेली तेव्हा सासुरवाडीत येऊन राहिला आणि हे काम लागलं.

"हणमंतराव, तपासायची बाटली कुठून भरता?"

"वरच्या आडातनं."

त्याने ते अगदी सरळपणे सांगितलं. तोच म्हणाला, "चला, दावतो."

आड गावाच्या वर माळावर आहे. ऊस खाली राहतो, आवाज खाली राहतो. काळ्या कातळात चौकोनी खोदलेला, तोंडाशी घोटीव दगड, दोरांनी पडलेल्या खाचा. वाकून बघितलं. खोल तळाशी आभाळाचा एक तुकडा आणि त्यात माझं डोकं. इतकं स्तब्ध की मला मागे सरकावंसं वाटलं. एक थेंब पडायचा, त्याचा आवाज वर यायला वेळ लागायचा.

"सकाळी बारा घागरी निघत्यात. बारा म्हंजी बाराच," हणमंतराव म्हणाला. "तेरावी काढली की गाळ येतो."

"आणि बाटली इथूनच का?"

तो माझ्याकडे बघत राहिला, मीच काही विचित्र विचारलं असावं तसा. "आवं सायेब, बाटली तालुक्याला जाती. परक्या मानसाच्या टेबलावर गावाचं पानी जायाचं. मग ते चांगलंच द्याला नको व्हय? आता तुमास्नी तांब्यातलं दिलं का नळाचं?"

फसवणूक असती तर मी भांडलो असतो. ही फसवणूक नव्हती. त्या माणसाने तपासणीच्या बाटलीला पाहुणा मानलं होतं.

मी कठड्यावर बसलो. "हणमंतराव, गलाईत सोन्याची लगड कसाला लावायची तर नमुना कुठून काढायचा?"

"त्याच लगडीतनं. टोकाचा तुकडा कापायचा."

"शेजारची जास्त चांगली लगड असली तर? तिचा तुकडा घ्यायचा का?"

"मग ह्या लगडीचा कस कसा कळं..."

छातीतली शिट्टी तेवढी ऐकू येत राहिली. माळावर वारा होता, पण त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग खाली गावाकडे, मागच्या आळीकडे बघत म्हणाला, "शिंद्यांचं लेकरू."

मी त्याला दोष देऊ शकत नव्हतो. कारण एकाच तांब्याचं पाणी तपासून सगळ्या घराला उत्तम म्हणणारा मीही होतोच. फरक एवढाच की त्याच्या प्रमाणपत्रावर शिक्का होता.

पारावर

दुपारी पारावर तीसेक माणसं जमली. इक्बालभाईंनी उभं राहून सगळं सांगितलं, रक्ताचा रंगसुद्धा. दुसरी पट्टी मी सगळ्यांसमोर कालच्या नळाच्या पाण्यात बुडवली. ती राणी रंगाची होताना मागची माणसं पुढे सरकली.

मग एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "आडाचं पानी गावानं प्यायचं न्हाई. ते पावण्याचं. एकदा गाव त्येच्यावर तुटून पडलं की आठ दिसांत आड संपला."

"खरं हाय," चारसहा आवाज आले.

"मग पोरं मरू द्यायची?" मागून एक बाई.

"आसं कोन म्हनतंय? पन रीत हाय."

इक्बालभाई म्हणाले, "रीत मोडायची न्हाई, आण्णा. मला सांगा, पावणा कुणाला म्हणायचं?"

"जो बाहेरनं आला, नवा आला, त्यो."

"माझ्या घरी दोन महिन्यांपूर्वी एक जण आलाय. गावात त्याच्याइतकं नवं कुणीच न्हाई. त्याला दोन घोट पाणी द्यायची ऐपत हाय का न्हाई गावाची?"

आण्णांनी पागोट्याचं टोक चाचपलं आणि मान खाली घातली.

तेवढ्यात मी खिशातल्या वहीत बेरीज केली होती, ती वाचून दाखवली. गावात सहा महिन्यांच्या आतले पाळणे पाच. सगळी बाळं वरच्या दुधावर आहेत असं धरलं तरी बाळाला दिवसाला जास्तीत जास्त एक लिटर, बाटल्या धुण्यासकट दोन. पाच बाळांचे दहा लिटर. हणमंतरावाची घागर दहा-अकरा लिटरची. म्हणजे बारांतली एक घागर. अकरा उरतात.

"येकच?" आण्णांनी विचारलं.

"एकच."

"मग इतकी वरसं..." ते म्हणाले. मागे, पाराच्या कडेला बसलेली एक बाई उठून घराकडे निघून गेली. ती शिंद्यांच्या घरातली होती, हे इक्बालभाईंनी मला नंतर सांगितलं. ती बेरीज मी जरा हळू आवाजात वाचायला हवी होती.

मोठ्यांच्या पाण्याचं काय करायचं, मळ्यातली विहीर सोडून पाण्याचा दुसरा स्रोत कुठे शोधायचा, हे तिथे सुटलं नाही आणि माझ्यासारख्याने ते सुटेल असं सांगूही नये. हणमंतरावाने एवढंच केलं: दुसऱ्या दिवशी दोनला पाणी आलं तेव्हा नळाच्या धारेखाली बाटली भरली, बूच लावलं आणि चिठ्ठीवर 'नळ' असं मोठ्या अक्षरात लिहिलं. बाटली नेताना तो ती अंगापासून लांब धरून चालत होता.

निघताना भाभी घरी नव्हत्या, तेव्हा तांब्या इक्बालभाईंनी आणला. दोन्ही हातांनी.

"नको," मी म्हणालो. "मला नळाचं द्या."

"चौधरी, पावणे हाय तुमी."

"तुम्हीपण प्या मग. माझ्यासमोर."

ते हसले, पण प्यायले नाहीत. मी तांब्यातलंच अर्धा पेला प्यायलो आणि उरलेलं तुळशीला घालतात तसं त्यांच्या दारच्या मोगऱ्याला घातलं.

जळगाव

घरी येऊन तीन आठवडे झाले. पहिल्याच दिवशी आमच्या इमारतीची वही उघडून बघितली. अकरा वर्षं तपासणीची बाटली मी कधी भरतो? टाकी धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी. पाणी स्वच्छ असतं तेव्हा. यंदा मी ती टाकी धुण्याच्या आदल्या दिवशी भरली.

गावाची बाटली नापास झाली आणि कार्ड लाल आलं. ते हिरव्यांच्याच ओळीत, काचेखाली लावलंय म्हणे.

काल सकाळी इक्बालभाईंचा फोन आला. मागे कसला तरी आवाज होता. मला वाटलं, नळ दम टाकतायत.

"बाळ कसं आहे?"

"चौधरी, काय सांगू. पहाटेपासनं डोकं उठवलंय. तुमच्या भाभी थकल्या, शबाना थकली. बाटली दिली तरी थांबत न्हाई, पाळणा हलवला तरी थांबत न्हाई. शेजारचे विचारायला आले, काय झालं म्हणून. थांबा, तुमीच ऐका."

त्यांनी फोन पाळण्यापाशी नेला. मी डोळे मिटून बसलो. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, कुणाचं पोर एवढं रडतंय? मी हाताने तिला थांब म्हटलं. फोन बंद झाल्यावर वेळ बघितली. चार मिनिटं अकरा सेकंद, आणि मधे एकदाही खंड नाही.